पावशेरचे थांबे

"अपुरी आहे ती, वहिनी, अपुरी! अपुऱ्या जिवाला पुऱ्या पोरींबरोबर पळायला कोण लावतं?"

"वन्सं, तो शब्द माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही."

"का नाही काढायचा? कापसात गुंडाळून वाढवली कुणी? गरम पाण्याच्या बाटल्या कुणी बदलल्या? तू तर तापाने फणफणली होतीस. थेंब थेंब दूध पाजलंय मी तिला. चिमणीच्या चोचीएवढं तोंड होतं मेलीचं."

"तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण पोर पुरी आहे माझी. उद्या ती पळणार."

हे भांडण पावशेरने ऐकलं, ते शिवणयंत्राच्या कोपऱ्याला लावलेल्या पडद्याआडून. भांडण तिच्यावरूनच चाललं होतं, आणि भांडणाऱ्या दोघींना वाटत होतं की ती अंगणात आहे. शाळेत शर्यत होती, तिचं नाव घातलेलं होतं. आत्या म्हणत होती नको, आई म्हणत होती हवंच. पोरीच्या मनात तोवर शर्यतीचं फारसं काही नव्हतं. पण पडद्यामागे उभ्या उभ्या तिने एक गोष्ट पक्की केली. आईला खोटं पडू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पळाली. सगळ्यांच्या मागून आली, पण आली. आईने टाळ्या वाजवल्या, आत्याकडे बघून जरा जास्तच वाजवल्या. मग पावशेर शाळेच्या भिंतीमागे गेली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हतीच. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते, ओठ जांभळे पडले होते. एक पोरगी आली, "काय गं?" म्हणाली. "नाडी," असं ही म्हणाली. पोरगी गेली. तेव्हा तिला कळलं की वाकून नाडी बांधणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

पावशेर हे नाव आत्यानेच ठेवलेलं. लोकांना वाटायचं, अंगाने लहानखुरी म्हणून. खरं कारण, तिचा अपुरा जन्म, आईच्या मनाईखाली दडपून गेलं, आणि आत्या गेल्यावर ते जाणणाऱ्या दोघीच जगात उरल्या, आई आणि लेक. त्या दोघी आपसात त्यावर एक अक्षर बोलत नव्हत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ फार दिवस झाकली की हाताला रग लागते, हे म्हणीत कुणी सांगत नाही.

पुढे तिचं लग्न एका इस्त्रीवाल्याशी झालं. रस्त्याकडेच्या एका लांबट खोलीत त्यांचं दुकान होतं. जुन्या घोंगड्या अंथरलेलं लांब टेबल, वाफेची इस्त्री, छताखालच्या नळीला टांगलेले कपडे, आणि कॉलरच्या आत ओळखीसाठी रंगीत दोऱ्याची गाठ. पहिल्या मजल्याचा दोरा निळा, दुसऱ्याचा हिरवा, असं. इस्त्रीवाला कपडे दाबायचा आणि पावशेर समोरच्या चार मजली इमारतीत ते पोचवायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. तिथे लिफ्ट बसवायची म्हणून एक कमिटी मात्र होती, आणि ती कमिटी इमारतीपेक्षा जुनी आहे असं लोक म्हणायचे.

जिन्यावर तर रोज नाडी बांधता येत नाही, शिवाय चपलेला नाडी नसते. पण अडला माणूस वाट काढतो. पावशेरला कळलं की दार उघडल्याबरोबर आपण एक प्रश्न टाकला, की पुढचं काम समोरचा माणूस करतो. प्रश्न लहान हवा, उत्तर लांब हवं. "साहेब काय म्हणतात?" एवढं पहिल्या मजल्यावरच्या कारकुनाला विचारलं की तो साहेबाच्या सात पिढ्या उद्धरायचा. तोवर हिने कठड्याला टेकायचं, मान हलवायची, नाकाने हळूहळू श्वास ओढायचा. गाडी थांबली असं वाटलं, तर "मग काय झालं?" म्हणायचं. मग पुन्हा गाडी सुरू. आवळा देऊन कोहळा काढावा, तसा हा सौदा होता.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई सुनेबद्दल बोलायची. तिसऱ्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक काका होता, तो टाके कसे घातले ते टाक्यागणिक सांगायचा. चौथ्यावर मास्तरीणबाई राहायच्या, निवृत्त, एकट्या, आवाज असा की खाली दुकानात ऐकू यावा. त्यांच्या दारी प्रश्नसुद्धा लागायचा नाही. "ये पावशेर!" म्हणून त्या ज्या सुरू व्हायच्या, त्या हिचा जीव ठिकाणावर येईपर्यंत थांबायच्या नाहीत.

बघता बघता पावशेरचा मोठा लौकिक झाला. "माया लावावी तर तिने," लोक म्हणायचे. "कपडे द्यायला येते, पण चौकशी केल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही." इस्त्रीवाला कौतुकाने कुरकुरायचा, "गप्पिष्ट नुसती! एवढ्यात मी तीन शर्ट काढतो." पावशेरची आई आता त्यांच्याकडेच असायची, दुकानात बसून उशांचे अभ्रे घडी करायची, आणि यावर काही बोलायची नाही. तिला आताशा कमी ऐकू यायचं. निदान लोक तसं समजायचे.

वर्षं गेली. त्यांना एक मुलगी झाली, ती मोठी झाली, लग्न करून दूरगावी गेली. आणि पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे सौदा महाग व्हायला लागला. पूर्वी एका मजल्याला एक चौकशी पुरायची, आता अख्खी कहाणी लागायची. कारकुनाचा साहेब बदलला, नवा साहेब भला निघाला. आता पहिल्या मजल्यावर करायचं काय? पावशेर मनातून म्हणाली, देवा, त्याला जरा तरी खडूस कर. सुनेबद्दल बोलणारी बाई एकदा गावाला गेली, तर हिने दुसऱ्या मजल्याच्या बंद दाराशी उभं राहून कुलपाशीच बोलल्यासारखं केलं. संध्याकाळी पायाचे घोटे सुजायचे, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा. कधी कधी नुसतं बसल्या बसल्या छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. ती घाबरायची, पण घाबरायचीसुद्धा चोरून. वय झालं, दुसरं काय, असं स्वतःला सांगायची. आणि लगेच मनाच्या पडद्याआडून आत्या म्हणायची, अपुरी.

एका सकाळी ती मास्तरीणबाईंचा राखाडी कोट घेऊन चौथ्या मजल्यावर पोचली. तिसऱ्यावरचा काका झोपलेला, म्हणजे तिथला थांबा हुकलेला. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, हसल्या, आणि ओठांवर बोट ठेवलं. मग गळ्याकडे दाखवलं. गळ्याला पट्टी होती. आतली एक गाठ काढली होती, आणि डॉक्टरांनी बोलायला साफ बंदी केली होती.

पावशेरच्या तोंडून कसंबसं निघालं, "अगंबाई. मग...?"

बाईंनी मान हलवली. बोलायचं नाही. आणि उत्सुकतेने तिच्याकडे बघत राहिल्या, की आज तू बोल.

आता कोण बोलणार? त्या जिन्यात इतकी शांतता कधी झालीच नव्हती. आणि त्या शांततेत एक आवाज येत होता. किटलीला उकळी फुटायच्या आधी येतो, तसला बारीक, शिट्टीसारखा. बाईंनी आधी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या हातातला कोट घेऊन खाली टाकला, पावशेरचं मनगट धरलं आणि दाराशी चपला घालायला ठेवलेल्या खुर्चीत तिला बसवलं. पावशेरची बोटं गार पडली होती, नखं निळसर झाली होती.

डॉक्टरांची बंदी मोडून बाई कुजबुजल्या, "कधीपासून?"

"काही नाही बाई, हा जिना..." पुढचा शब्द येईना.

बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी पुन्हा कुजबुज केली. "इतकी वर्षं झाली, माझ्या दारात तू एक वाक्य पुरं केलेलं नाहीस. माझ्या आत्ता ध्यानात येतंय. मला वाटायचं, माझं बोलणं तुला आवडतं."

"आवडतंच," पावशेर म्हणाली. पण डोळे वर करून नाही म्हणाली.

बाई त्याच दुपारी जिना उतरून दुकानात आल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी इस्त्रीवाल्यापुढे पावशेरच्या धापेची नक्कलच केली. इस्त्रीवाला हसला. "तिला दम? अहो बाई, ती चार मजले गप्पा मारत चढते! दम मला लागतो, दुकानात उभ्या उभ्या!" मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तोंडातच विरलं. बाजूला आईच्या हातातला अभ्रा अर्धवट घडीतच थांबला होता.

दवाखान्यात तिघंही गेले. पावशेरने आईला परोपरीने सांगितलं, तू कशाला, तिथे तास तास बसावं लागतं. आई म्हणाली, "घरी तरी बसूनच असते." तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? एकदा वन्सं हरल्या, तेव्हापासून कुणी नादालाच लागलेलं नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. तो चढलेला होता. मग एका नळीत फुंकायला लावलं. "फुंका ताई, फुंका, फुंका, अजून, अजून!" पावशेर फुंकत होती आणि इस्त्रीवाला बाजूला आपलेच गाल फुगवत होता. तीनदा फुंकून झालं तरी डॉक्टरबाईंच्या कपाळाची आठी उलगडेना.

"लहानपणी दमा होता?"

"नाही."

"सिगारेट? घरात धूर?"

"ती? नाही हो," इस्त्रीवाला म्हणाला. "आणि आमची वाफच असते, धूर नाही."

"जन्म वेळेवर झाला होता ना? दिवस पुरे भरून?"

कानशिलात कुणी मारावी तसं झालं पावशेरला. असा प्रश्न डॉक्टर विचारतात, हे तिच्या स्वप्नीही नव्हतं. शेजारी आई बसली होती, मांडीवर हात ठेवून, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत. आईला ऐकू आलं नसणार. पावशेर चटकन म्हणाली, "हो. पुऱ्या दिवसांची."

डॉक्टरबाई लिहू लागल्या. वरचा पंखा कुरकुरत होता.

"नाही," आई म्हणाली. "अपुऱ्या दिवसांची आहे ती."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती तक्त्याकडेच बघत होती.

"सातवा सरता सरता झाली. रडलीसुद्धा नाही, मांजराच्या पिल्लासारखी कुईं केली. माझ्या नणंदेने कापसात ठेवून जगवली. मी म्हटलं, जगली ना, मग झाली पुरी. तो शब्द घरात काढू दिला नाही मी कुणाला." आणि मग लेकीकडे वळून, "तू तेव्हा पडद्यामागे होतीस. पाय दिसत होते तुझे."

 जन्मभर जी गोष्ट पावशेरने आईसाठी म्हणून पोटात ठेवली, ती आईनेच बाहेर काढून टेबलावर ठेवली होती, एखादा अभ्रा ठेवावा तशी. इस्त्रीवाला म्हणाला, "मला कुणी काही बोललं नाही." यावरही कुणी काही बोललं नाही.

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं खोडलं. "हे आधीच कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. "फुफ्फुसातल्या बारीक नळ्या आणि हवेच्या पिशव्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत भरत येतात. बाळ आधीच बाहेर आलं की ते काम अर्धं राहतं. पुढे पोर वाढतं, निभावून नेतं, कुणाला कळतही नाही. मूल वाचलं म्हणजे गोष्ट संपली असंच वाटतं सगळ्यांना. आमच्यातलेही पुष्कळजण मोठ्या माणसाला जन्माचं विचारत नाहीत. पण अशा काहींना वय वाढलं की दम पुरत नाही, रक्तदाब लवकर चढतो, हृदयाला जोर लावावा लागतो. सगळ्यांना होतं असं नाही. तुमचं काय आहे ते हृदयाची सोनोग्राफी केल्यावर कळेल."

तपासणी झाली, आणि ती दाखवायला पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. तो आठवडा म्हणजे पावशेरला वर्षासारखा गेला. ज्याची भीती होती तेच झालं. इस्त्रीवाल्याने तिला कापसात ठेवलं. टेबलामागे स्टुल टाकलं, त्यावर उशी, पायाखाली दुसरी उशी. पाण्याचा पेला उचलायला गेली तरी "तू राहू दे!" म्हणून ओरडायचा. ती बसून बसून आपलंच काळीज ऐकायची. धडधडलं की वाटायचं, गेले. नाही धडधडलं तर वाटायचं, थांबलं की काय. आणि डोक्यात एकच भुंगा. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता अशीच बसून राहा, तर? स्टुलावर बसून जगायला का आत्याने एवढा कापूस खर्च केला होता?

कपडे पोचवायला इस्त्रीवाला जायचा. पहिल्या दिवशी गेला तो दुपार कलली तरी येईना. आला तेव्हा चेहरा उतरलेला. "ती दुसऱ्या मजल्यावरची बाई! सुनेने भांडी कुठल्या क्रमाने घासली ते सांगितलं तिने मला. तिसऱ्यावरच्या काकाने गुडघा उघडून दाखवला. तू कसं ऐकतेस हे सगळं?"

"दम खात ऐकते."

 हँगर नळीला अडकवता अडकवता तो पाठमोराच म्हणाला, "आणि मी तुला गप्पिष्ट म्हणायचो."

आठवड्याने पुन्हा तिघं गेले. डॉक्टरबाईंनी कागद वाचला. हृदयाच्या उजव्या बाजूला दाब वाढलेला होता, तिथला स्नायू थोडा जाड झालेला होता. बरं करून टाकण्यासारखं नव्हतं, पण सांभाळण्यासारखं होतं. रोज गोळ्या, ठरल्या वेळी तपासणी, सर्दीतापाची लस चुकवायची नाही, ओझं उचलायचं नाही.

"आणि बसून राहायचं?" पावशेरने विचारलं. तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या.

"छे! चालायचं. बसून राहिलात तर आहे तेही जाईल. जिनासुद्धा चढा, हलकं सामान घेऊन, सावकाश. धाप लागली की थांबायचं. पण थांबलात की सांगायचं, थांबलेय म्हणून. लपवलंत तिथेच घात झाला."

आईने घसा खाकरला. "मी तिला पळवलं लहानपणी. ते चुकलं का?"

"पळवलंत ते बरंच झालं, आजी. फक्त पळून आल्यावर छातीला एकदा कान लावायचा होता."

 बाहेर रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे निम्मं वन्संचं खरं निघालं." आणि पदर डोळ्यांना लावून, "मरूनही जिंकली बाई. वर बसून हसत असेल."

त्यानंतर पावशेर पुन्हा जिना चढू लागली. हातात एका वेळी एकच हँगर. पहिल्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर सरळ म्हणाली, "काका, दम लागलाय. थांबते." काका इतका घाबरला की त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. ती खरोखर आली, आणि शेवटी काकाचाच रक्तदाब तपासून गेली. मग हळूहळू सवय झाली. प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर बसायला काही ना काही आलं. कुठे प्लास्टिकचं स्टुल, कुठे मोडक्या पाठीची खुर्ची. लिफ्टच्या कमिटीने याची नोंद घेतली म्हणे, आणि लिफ्टची गरज आता कमी झाल्याचा ठराव केला.

अशी बरीच वर्षं निघाली. आई गेली. मरणापूर्वी ती रोज संध्याकाळी लेकीच्या छातीला कान लावायची. ऐकू काय येत होतं कोण जाणे, पण लावायची. पुढे गोळ्या वाढल्या, घोट्यांची सूज सकाळीही उतरेना, आणि एका तपासणीनंतर डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांचेही केस आता पिकायला लागले होते. "ताई, दाब वर सरकतोय. सपाटीवर चालायचं. जिना आता बंद."

"आजपासून?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "एकदा जाऊन या. सावकाश. कुणाला तरी मागे ठेवा."

दुकानात मास्तरीणबाईंचा राखाडी कोट टांगलेला होता. कॉलरच्या आत पांढऱ्या दोऱ्याची गाठ. इस्त्रीवाला म्हणाला, "मी नेतो." ती म्हणाली, "तुम्ही मागून या. आणि बोलू नका."

पहिल्या मजल्यावर ती खुर्चीत बसली. कारकून निवृत्त झाला होता, आता साहेब नसल्याचंच दुःख सांगायचा. दुसऱ्यावर सून एकटीच राहायची, ती सासूची आठवण काढून रडली. तिसऱ्यावर काका म्हणाला, "दुसरा गुडघा!" आणि बोलत सुटला. इस्त्रीवाला चार पायऱ्या खाली, कठड्याला धरून, तिच्या पाठीकडे बघत उभा. तिचे खांदे वर गेले की याचेही जायचे, खाली आले की खाली. काकाचं बोलणं चालू असतानाच तिचा श्वास जागेवर आला. आता उठायला हरकत नव्हती. पण ती बसूनच राहिली, आणि म्हणाली, "मग काय झालं?"

चौथ्या मजल्यावर मास्तरीणबाईंनी दार उघडलं. त्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज असा राहिला होता की समोर बसल्याशिवाय ऐकू येऊ नये. त्यांनी चपलांची खुर्ची पुढे ओढली, दुसरी स्वतःसाठी आणली, आणि थांबल्या. पावशेरची छाती खालीवर होत होती, शिट्टी वाजत होती, त्यांनी ती वाजू दिली. मग विचारलं, "कशी आहेस?"

पावशेरने आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "दम लागलाय बाई, काळीज थकलंय, डॉक्टर म्हणाल्या आता जिना बंद, आणि तुमचं बोलणं मला पहिल्यापासून आवडायचं, ते खोटं नव्हतं."

बाईंनी कोट घेतला, दोऱ्याची गाठ पाहिली, बाही उजेडाकडे धरून इस्त्री तपासली, नेहमीसारखी. "खिशाला सुरकुती राहिलीय," त्या म्हणाल्या.

"सांगते त्यांना," पावशेर म्हणाली. इस्त्रीवाला जिन्यातून म्हणाला, "ऐकलं मी."

मग बाईंनी आतून रिकामे हँगर आणून दिले, ते तिने मनगटात अडकवले, कठडा धरला, आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर बसत ती खाली उतरली.